सावलीतले बिबडे

एप्रिल लागला की जळगावात लोक उन्हाबद्दल बोलायचं बंद करतात. मार्चमध्येच सगळं बोलून झालेलं असतं. मग नुसता तोंडाला रुमाल, गाडीच्या सीटवर ओलं फडकं आणि दुपारी मोकळे पडलेले रस्ते. कॉलेजात परीक्षा चालू असतात. वर्गात पंख्याखाली उभं राहावं तर गरम वाराच अंगावर येतो, आणि खिडकी उघडावी तर पोरांच्या उत्तरपत्रिका उडतात. यंदाही संख्याशास्त्राच्या अशाच एका पेपराला मी फेऱ्या मारत होते. शेवटच्या बाकावरची एक मुलगी एका प्रश्नावर अडली होती. प्रश्न माझाच होता: प्रयोगात कोणाला काय द्यायचं हे आपण न ठरवता चिठ्ठ्या टाकून का ठरवतात? ती पेन चावत खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या घराच्या गच्चीवर कुणीतरी पांढरी फडकी अंथरली होती आणि त्यांवर गोल गोल बिबडे वाळत होते. मला हसू आलं. उत्तर तिच्या डोळ्यांसमोर वाळत पडलं होतं. पण तिला ते दिसावं कसं? मलाही ते पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. दोंडाईच्याला, आमच्या गच्चीवर कळलं.

त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "ताई, येत्या रविवारी बिबडे करतोय. तुम्ही या. चिठ्ठ्या तुम्हीच टाकायच्या."

बिबडा म्हणजे काय, हे खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. ज्वारी भिजवायची, दळायची, तिच्यात तिखट, मीठ, तीळ आणि हात आखडता न घेता लसूण घालायचा, मोठ्या पातेल्यात ते पीठ घट्ट शिजवायचं, आणि गरम असतानाच ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने थापायचं. पापडासारखा बिबडा लाटायचा नसतो. तळहाताने आणि बोटांनी गोल फिरवत तो पसरवायचा. एकदा थापला की तो जागचा हलत नाही, सुकेपर्यंत फडकं तिथेच राहतं. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. पहाटे शिजवायला घेतात, ऊन वर येण्याआधी थापून मोकळं होतात. काम एकटीचं नाहीच. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, अशा गल्लीतल्या बायका फिरत्या असतात. तोंडं हातांपेक्षा जोरात चालतात. वर्षभरात कुणाच्या घरात काय झालं हे सगळं त्या दोन-तीन तासांत निघतं, आणि शिजलेलं ते गरम पीठ तेल घालून खात खात कुणाकुणाची लग्नंही जमतात. ज्या बाईला बिबड्यांना बोलावलं जात नाही, ती गल्लीत असूनही गल्लीत नसते.

माझं माहेर दोंडाईच्याचं. जळगावहून गाडीने निघालं की तापलेली खिडकी, तोंडावर ओला रुमाल, बाहेर काळी उघडी शेतं. स्टेशनवर उतरलं की मिरचीच्या बाजारातला खकाणा नाकात जातो आणि मला पहिली शिंक येते. त्या शिंकेनंतर मी माहेरवाशीण होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकींनी माहेरी यायचं ही आमच्याकडची रीत. लिंबाला झोका बांधलेला असतो, घरात सांजोऱ्यांचा वास असतो, आमरसाची पातेली भरलेली असतात. कॉलेजात मला सगळे मॅडम म्हणतात. दोंडाईच्यात गल्लीच्या तोंडाशीच कुणीतरी ओरडतं, "उनी का व पोर?" म्हणजे आली का गं पोर, आणि माझी सगळी पदवी त्या एका हाकेत गळून पडते. मला ते फार आवडतं.

आमच्या आईला घरात आणि गल्लीत सगळेच अक्का म्हणतात. अक्काचा बिबडा गल्लीत एक नंबर. कागदासारखा पातळ, काठाला एक चीर नाही. दादाचं लग्न झालं आणि मनीषावहिनी घरात आली, तेव्हा मीही आखाजीला आलेले होते. वहिनी धुळ्याची, देवपुरातली. नदीपलीकडच्या नव्या कॉलनीत वाढलेली, बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. तिने बिबडे खाल्ले होते, पण थापले कधी नव्हते. त्या वर्षीच, लग्नात पाहुण्यांना पाणी कमी पडू नये म्हणून, अक्काने गच्चीवर सिमेंटची मोठी टाकी बांधून घेतली होती. म्हणजे टाकी आणि वहिनी एकदमच घरात आल्या. पहाटे बायका गच्चीवर चढल्या. नवी सून फडकं घेऊन उभी, कुठे बसावं कळेना. अक्का म्हणाली, "तू टाकीजोडे बस, पोरी. तठे गार लागस." टाकी आणि जिन्याची खोली यांच्या मधल्या बेचक्यात वहिनी बसली. बाकीच्या उन्हात. मला आठवतं, सिंधूमावशी लटक्या रागाने म्हणालीसुद्धा, "आम्हले नही कोनी सावलीमा बसाडं!" सिंधूमावशी म्हणजे आमची शेजारीण. आवाज मोठा, मन मोठं, आणि मत त्याहून मोठं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फडक्यांना उलट बाजूने पाण्याचा हबका मारून बिबडे सोडवायला बसल्या, तर वहिनीचे बिबडे लाल. काही आंबूस वासाचे, काही सोडवताना तुटणारे. पहिल्यांदाच केलेत, व्हायचंच, असं म्हणून सगळ्या हसल्या. पुढच्या वर्षी वहिनी आपणहून त्याच जागी बसली. आता ती तिचीच जागा होती. पुन्हा लाल. मग सिंधूमावशीने निदान केलं, "हात गरम शे तिना."

गरम हात म्हणजे काय, हे मला आजतागायत कुणी नीट सांगितलेलं नाही. पण ज्याचा हात गरम, त्याच्या हातून केलेलं नासतं, आंबतं, लाल पडतं, यावर आमच्या गल्लीत दुमत नव्हतं. आणि एकदा नाव पडलं की पुरावे आपोआप गोळा व्हायला लागतात. त्या वर्षी लोणच्याला बुरशी आली. मीठ कमी होतं, पण बरणीला हात वहिनीचा लागला होता. उन्हाळ्यात दूध नासलं. उन्हाळ्यात दूध नासतंच, पण त्या दिवशी तापवलं वहिनीने. ज्या दिवशी नासलं नाही, त्या दिवसाची कुणी आठवण ठेवली नाही. एकदा सिंधूमावशीच्या गच्चीवर वहिनीने बिबडे थापले, ते अगदी छान झाले. त्यावर उत्तर तयार होतं, "मी जोडे व्हतू ना." मावशी जवळ होती म्हणून. म्हणजे बिघडलं तर वहिनीचा हात, जमलं तर शेजारणीचा. वर्गात मी पोरांना सांगते, ज्या म्हणण्याला काहीही घडलं तरी धक्का लागत नाही, ते म्हणणं फार मजबूत आहे असं वाटतं, पण खरं म्हणजे त्यात काहीच सांगितलेलं नसतं. पोरं लिहून घेतात. सिंधूमावशी लिहून घेत नाही, हीच अडचण आहे.

मग वहिनीला बिबड्यांच्या दिवशी पाणी आणायचं, चहा करायचा, फडकी धुवायची अशी कामं मिळायला लागली. कुणी तिला हाकललं नाही, हे मुद्दाम सांगते. सगळ्या प्रेमानेच वागत होत्या. "तू राहू दे, आम्ही करतस," एवढंच. ती जिन्याच्या पायरीवर बसून गप्पा ऐकायची.

आणि मग तो उन्हाळा आला, ज्याच्याबद्दल मला सांगायचं आहे.

त्या वर्षी वहिनीची लेक सहा महिन्यांची झाली होती. आखाजीनंतर तिचं उष्टावण करायचं ठरलं होतं. बाळाच्या तोंडात पहिला घास, आईने रांधलेल्या खिरीचा. मी पोहोचले तेव्हा वहिनी लेकीला मांडीवर घेऊन पंख्याखाली बसली होती. मी सहज म्हटलं, "खीर कसली करणार?" तर ती खाली मान घालून म्हणाली, "खीर अक्काच करतील. मीच सांगितलंय त्यांना. माझा हात नको."

मला राग आला. कुणाचा आला ते कळेना म्हणून जास्त आला. मी तिला चांगलं ऐकवलं. शिकलेली आहेस, देवपुरात वाढलीस, हात गरम असला तर ताप मोजायचा, बिबडे कशाला मोजायचे, असं बरंच काही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणता म्हणून ते खोटं का होईल? सिंधूमावशी म्हणतात म्हणून खरं होत नाही, तसं तुम्ही म्हणता म्हणून खोटंही होत नाही. मी पाहिलेत ना लाल बिबडे. माझेच होते."

तिचं बरोबर होतं. मला माझ्या म्हणण्याची खात्री होती, पण खात्री आणि पुरावा हे दोन वेगवेगळे जिन्नस आहेत, आणि माझ्या हातात फक्त पहिला होता.

"मग बघू या," मी म्हटलं. "थापून बघू."

तिने लेकीच्या कपाळावरचा घाम पुसला. "आणि खरंच निघालं तर?"

इतकी वर्षं मी हा विषय शिकवते, पण हा प्रश्न मला कुण्या विद्यार्थ्याने विचारला नव्हता. परीक्षा खरी असेल तर तिच्यात नापास होण्याची सोय हवी. तिच्या बाबतीत नापास होणं म्हणजे लेकीच्या तोंडात कधीच स्वतःच्या हातचा घास न घालणं. मी म्हटलं, "निघालं तर मी पुन्हा या घरात हाताबद्दल एक शब्द बोलणार नाही." तिने लेकीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "ठीक आहे. एकदा काय ते होऊन जाऊ दे."

सिंधूमावशीला तयार करणं त्याहून सोपं होतं. तिला आव्हान दिलं की ती हो म्हणतेच. "तू कॉलेजमा शिकाडस, माले नको शिकाडू," म्हणाली, "मी लांबथीन वळखसू तिना बिबडा." मी म्हटलं, छान, पण आधी ठरवायचं. लाल कशाला म्हणायचं? यावर तासभर वाद झाला. एक म्हणे तांबूस चालतो, दुसरी म्हणे ठिपका असला तरी लाल. शेवटी अक्काने डब्याच्या तळातून एक जुना बिघडलेला बिबडा शोधून काढला आणि तो चुलीजवळच्या फळीवर ठेवला. याच्याइतका किंवा याच्याहून लाल तो लाल. वास आंबूस तोही बिघडलेला. सोडवताना तुटेल तोही. मग दुसरं ठरलं: वहिनीच्या फडक्यांवर अक्कापेक्षा जास्त बिघडले, तर हात गरम. नाही बिघडले, तर हा विषय संपला. नंतर कुणी "पण" म्हणायचं नाही. सिंधूमावशीने छातीवर हात ठेवून कबूल केलं. निकाल लागण्याआधी हे बोलून घ्यायचं असतं. लागल्यावर प्रत्येकाला काही ना काही सुचतंच.

थापणार दोघीच, अक्का आणि वहिनी. पीठ एकाच पातेल्यातलं, शिजवणार सिंधूमावशी. गच्ची सगळीकडे सारखी नसते. कुठे फरशी जास्त तापते, कुठे वारा लागतो. केळीच्या मळ्यात दोन खतं तपासायची असतील तर आपण एक खत विहिरीजवळ आणि दुसरं बांधापलीकडे घालत नाही, शेजारच्या शेजारच्या ओळींना घालतो. तसंच इथे. गच्चीवर जागा ठरवल्या, प्रत्येक जागी दोन फडकी शेजारीशेजारी, एकावर अक्का थापणार, एकावर वहिनी. दोन्ही फडकी एकाच जुन्या लुगड्याची फाडलेली, म्हणजे कापडाचाही फरक नको; दर जागेला लुगडं मात्र वेगळं. डावं फडकं कुणाचं, उजवं कुणाचं, हे चिठ्ठीवर. टाकीजवळचं बेचकं वगळावं असं माझ्या मनातही आलं नाही. गच्ची म्हणजे सगळी गच्ची, एवढाच हिशोब होता.

राहिला प्रश्न गुपिताचा. कोणतं फडकं कुणाचं हे बघणाऱ्यांना कळता कामा नये, नाहीतर डोळ्याला लाल दिसणारच. हे काम सोपवायचं कुणावर? गल्लीतल्या प्रत्येक बाईचं मत आधीच ठरलेलं. मला समोरच्या चंदाभाभी आठवल्या. किराणा दुकानवाल्यांच्या घरातल्या, मारवाडी जैन. त्या लसूण खात नाहीत, म्हणून बिबडेही खात नाहीत, आणि म्हणूनच या भांडणात कधी पडल्या नव्हत्या. मी विचारलं तर खूश झाल्या. "अरे ताई, ये तो आसान काम आहे. मला ना खायचा आहे ना बोलायचा आहे." त्यांनी प्रत्येक फडक्याच्या काठात आतून एक टाका घातला, अक्कासाठी एका रंगाचा, वहिनीसाठी दुसऱ्या. कोणता रंग कुणाचा हे त्यांनी मलाही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण माझाही जीव एका बाजूला गुंतला होता.

ती सकाळ मला फार स्पष्ट आठवते. मी आणि बाकीच्या बायका खाली अंगणात. वर फक्त अक्का, वहिनी आणि चिठ्ठ्यांचा डबा घेतलेल्या चंदाभाभी. शिजलेल्या पिठाचा लसणाचा वास जिन्यातून खाली येत होता. वरून थप्, थप् असा ओल्या हाताचा आवाज, मधूनच चंदाभाभींचं "अब ये वाला", मग पुन्हा थप्, थप्. बाळ माझ्याजवळ होतं. सिंधूमावशीने तिला घेतलं, तिच्या पोटाशी नाक घासून तिला हसवलं. तिचा वहिनीवर राग नव्हताच कधी. तिला एक गोष्ट खरी वाटत होती, एवढंच. मला तो दिवस आठवला की हेही आठवतं, म्हणून सिंधूमावशीला वाईट म्हणवत नाही.

दिवसभर ऊन आग ओकत होतं. संध्याकाळी चंदाभाभींनी फडकी दर वर्षीसारखी गुंडाळून खाली आणली आणि ढीग एकत्र करून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सगळ्या जमल्या. वहिनी बाळाला घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसली, म्हणाली मला बघायचं नाही.

फडकी एकेक उलगडली. पाण्याचा हबका, बोटाने कड सोडवणं, फळीवरच्या बिबड्याशी रंग ताडून बघणं. पहिलं फडकं स्वच्छ. दुसरं स्वच्छ. सिंधूमावशी वहिनीची फडकी ओळखून वेगळी काढत होती, पूर्ण आत्मविश्वासाने. मग एक हिरव्या काठाचं फडकं उलगडलं, आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. लाल. काठापासून मध्यापर्यंत लाल, आणि वास आंबूस. थोड्या वेळाने आणखी एक, तसंच लाल. बाकी सगळी फडकी स्वच्छ. "हाई देखा!" सिंधूमावशी ओरडली, "दोन्ही तिनाच!" तिने दोन्ही फडकी वहिनीच्या ढिगात टाकली.

स्वयंपाकघरात वहिनीला हे ऐकू गेलं असणार. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, हा उद्योग केला नसता तर बरं झालं असतं.

चंदाभाभी पुढे आल्या. सुईने त्यांनी एकेक काठ उसवला आणि टाके दाखवले. सिंधूमावशीने वेगळी काढलेली फडकी कधी बरोबर निघाली, कधी चूक; नाणं उडवून सांगितलं असतं तरी इतपत जमलं असतं. शेवटी त्या दोन लाल फडक्यांचे काठ उसवले. एक वहिनीचं होतं. दुसरं अक्काचं.

मग सिंधूमावशी म्हणाली, "तिना हातनी गरमी जोडेना कापडले लागनी व्हई." मी म्हटलं, मावशी, ती प्रत्येकच जागी अक्काच्या शेजारी होती, मग बाकी सगळे लाल का नाहीत? मावशी फळीवरचा लाल बिबडा उचलून बघायला लागली. कबूल करताना छातीवर ठेवलेला हात तिला आठवला असावा. मी आता हसणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की अक्का त्या दोन फडक्यांचे काठ जुळवून बघते आहे. दोन्ही हिरवे. एकाच लुगड्याचे. म्हणजे एकाच जागेवरचे.

"हाई जोडी कोठे व्हती?" अक्काने विचारलं.

"टाकीजवळ," चंदाभाभी म्हणाल्या.

अक्का जिना चढायला लागली. आम्ही मागे. टाकी आणि जिन्याची खोली यांच्या मधल्या बेचक्यात ती गुडघे टेकून बसली आणि फरशीवर तळहात ठेवला. सकाळची वेळ, सगळी गच्ची तापायला लागली होती. तिथे मात्र टाकीची सावली होती. दुपार कलली की जिन्याच्या खोलीची पडणार. टाकीचं बूड पाझरून फरशी ओली. ऊन पोहोचत होतं ते फक्त डोक्यावर असताना. तिथल्या फडक्यावरचे बिबडे संध्याकाळी वरून कोरडे आणि आतून ओले असणार, आणि रात्रभर गुंडाळलेल्या घडीत आंबून लाल होणार. कुणाचाही हात असो. अक्काने हात उचलून बघितला. तळहात ओला होता.

"मीच तिले आठे बसाडं," ती म्हणाली. "नवी पोर, तिले ऊन लागाले नको म्हनीसन."

तोपर्यंत वहिनी बाळाला घेऊन जिन्याच्या दारात येऊन उभी होती. अक्काने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. अक्काला मी वडील गेले तेव्हा रडताना पाहिलं होतं, आणि त्यानंतर आता. "पोरी," ती म्हणाली, "हात तुना नही, मना व्हता."

वहिनी खाली बसली. तिने अक्काचा तो ओला तळहात आपल्या हातात घेतला. "पण अक्का," ती म्हणाली, "गार वाटायचं हं तिथे." आणि मग दोघी एकदमच हसायला आणि रडायला लागल्या, आणि बाळ घाबरून त्यात सामील झालं.

उष्टावणाची खीर वहिनीनेच केली. शेवयांची, वेलची जरा जास्त पडलेली. पहिला चमचा तोंडात गेल्यावर बाळाने तोंड वाकडं केलं आणि मग दुसऱ्यासाठी आ केला. सिंधूमावशीने वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि जाताना वहिनीला म्हणाली, "सकाय मनाकडे बिबडा शेतस. लवकर ये." तिच्या बाजूने तेवढीच माफी होती, आणि ती भरपूर होती.

मी त्यानंतर कितीतरी वेळा विचार केला आहे. त्या घरात कुणीही वाईट नव्हतं. सासूने सुनेवर माया केली म्हणून तिला सावली दिली, आणि त्या मायेनेच सुनेच्या नावावर डाग लागला. सगळ्या बायका तिचा हात बघत राहिल्या. तिची जागा कुणी बघितली नाही, कारण जागा प्रेमाने दिलेली होती. मीही नाही बघितली. चिठ्ठ्या आणि जोड्यांनी ती बघितली. माझी हुशारी त्यात एवढीच की मी माझ्या हुशारीवर काही सोपवलं नव्हतं. या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

परवा ते पेपर तपासले. शेवटच्या बाकावरच्या मुलीने त्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत लिहिलं होतं: 'कारण आपल्याला काय माहीत नाही हेही आपल्याला माहीत नसतं.' पुस्तकातली व्याख्या नव्हती, सूत्र नव्हतं. मी पूर्ण गुण दिले.

रविवारी दोंडाईच्याला गेले. शिंक आली. गच्चीवर टाकी तीच आहे. बेचक्यात आता प्लास्टिकची खुर्ची असते आणि खुर्चीत अक्का, हातात चहाची बशी. गार लागतं म्हणून. बिबड्यांच्या जागा अजून चिठ्ठीने ठरतात. प्रयोग कधीच संपला, पण चिठ्ठ्यांची रीत पडून गेली. यंदा धाकट्या भावाचं लग्न झालं आहे. त्याची बायको प्राजक्ता पहिल्यांदाच थापायला बसणार होती. तिने मला विचारलं, "ताई, चिठ्ठ्या कशाला?" मी सांगणार तोच वहिनी म्हणाली, "आमच्याकडे पद्धत आहे."

प्राजक्ताला चिठ्ठीत आली ती कठड्याजवळची जागा. सगळ्यात तापणारी. खुर्चीतून अक्का कळवळून म्हणाली, "अव, नवी पोर शे ती, तिले आठे सावलीमा बसाडा!" सगळ्या बायका हातचं काम थांबवून वहिनीकडे बघायला लागल्या. सिंधूमावशीसुद्धा.

वहिनीने हात धुतले, पदराला पुसले आणि खाली जाऊन दादाची मोठी काळी छत्री घेऊन आली. आधी तिने सूर्य कुठे आहे ते बघितलं. मग प्राजक्ताला उठवून फडक्याच्या दुसऱ्या बाजूला बसवलं, आणि तिच्या मागे उभी राहून छत्री उघडली. पोरगी सावलीत, फडकं उन्हात. प्राजक्ता पहिला बिबडा थापायला लागली, वेडावाकडा, काठाला जाड. वहिनी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती, आणि सावलीची कड फडक्यावर सरकत नाही ना, एवढं मधूनमधून वाकून बघत होती.